डाव्या बाजूचा पत्रा

प्रिय दाजी,

आज सकाळी दुकान उघडलं, कॉम्प्युटर चालू केला आणि स्क्रीनकडे बघून अशी काही ओरडले, की सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेले एक बाबा घाबरून म्हणाले, "बाई, मी मागनं येतो." त्याच संतापात तुम्हांला लिहायला बसलेय. दुसऱ्या कुणाला सांगणार? पारनेरला तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या बाईचा जीव अंतराळातल्या लढाईच्या गेमपायी जळतोय, हे कुणाला पटेल तरी का!

तर ऐका. आपल्या गेमवाल्यांनी नवं अपडेट काढलंय. आता म्हणे जहाजाचा पत्रा लढाई चालू असतानाच आपोआप भरून येणार. मार खायचा, जरा लांब जाऊन उभं राहायचं, की पत्रा जसाच्या तसा! नव्या खेळाडूंना सोपं जावं म्हणून केलंय, असं खाली लिहिलंय. सोपं? मग सरळ जिंकल्याचा शिक्काच मारून द्या ना हातावर!

तुम्ही असता तर आत्ता तुमचा फोन आला असता. "अश्विनी, पत्रा कधी आपसूक भरतो का गं? ह्येंच्या बापानं बघितला होता का?" हे वाक्य मला तुमच्या आवाजात ऐकू येतंय आणि त्यामुळे आणखीच राग येतोय. फोन कुठे आहे तुमचा?

पत्रा हा शब्दही तुमचाच. स्क्रीनवर सगळी नावं इंग्रजीत. तुम्ही बारसं केलंत. जहाजाच्या सगळ्यात बाहेर विजेचं कवच असतं, तो पडदा. त्याच्या आत चिलखत, तो पत्रा. आणि पत्र्याच्या आत जहाजाचा सांगाडा, ज्यात इंजिन, तोफा आणि आपण. राहुरीत डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार! ठोकलेल्या जीपा आणि चेपलेल्या उसाच्या ट्रॉल्या सरळ करण्यात जन्म गेलेला. तुम्हांला सगळं जगच पत्र्याचं दिसायचं.

आठवतं का, त्या दिवाळीला ताईला घेऊन आला होतात आणि मी खेळत बसले होते? मागे उभं राहून बराच वेळ बघितलंत आणि विचारलंत, "ह्ये इमान हाय का?" मी म्हटलं, अंतराळातलं जहाज आहे. त्यावर पुढचा प्रश्न, "पत्रा किती गेजचा?" पत्र्याची जाडी विचारताय म्हटल्यावर मी पोट धरून हसले. तुमचा चेहरा मात्र गंभीर! पुढच्याच आठवड्यात "ईश्वरीच्या अभ्यासाला" म्हणून घरी कॉम्प्युटर आला. तुमच्या त्या पोरीला तो रविवारी कधी मिळाला असेल, तर मी नाव बदलीन.

मग दर रविवारी दुपारची जेवणं झाली की तुम्ही राहुरीतून आणि मी पारनेरातून, दोघंही कानात फोन अडकवून बसायचो. ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "झालं का तुमचं दोघांचं युद्ध?" आणि तुम्ही तिला सांगायचात, "गप गं, हितं जीव चाललाय!"

सगळी मजा त्या एका नियमात होती. पडदा फाटला तर काळजी नाही. जरा दम खाल्ला की तो पुन्हा भरतो. पत्रा तसा नाही. पत्रा गेला की गेला. तळावर परत जाऊन कुणाकडून तरी ठोकून घेईपर्यंत तो परत येत नाही. म्हणून तर जपायचा, आणि म्हणून तर डोकं चालवायचं! आता त्यांनी ते डोकंच काढून टाकलं.

पण खरं सांगू का दाजी? माझा राग फक्त गेमवाल्यांवर नाही. तुमच्यावरही आहे, आणि तो जुना आहे. आज बोलणारच आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण त्याच्याशी भांडू नये असं कुणी म्हटलेलं नाही.

तुम्हांला किती वेळा सांगितलं असेल, की तो खालचा आकडा बघून चालू नका! तो चारही बाजूंचा मिळून आकडा असतो. पुढची, मागची, उजवी, डावी. तीन बाजू शाबूत असल्या की आकडा चांगला दिसतो, मग चौथी बाजू उघडी पडलेली का असेना. आणि तुमचं आपलं एकच, "एवढं दिसतंय की अजून. लई पत्रा हाय." अहो, शत्रू काय बेरीज करून गोळा मारतो का? तो उघडी बाजू बघूनच मारणार!

आणि पत्रा झिजत जातो तसा तोच गोळा जास्त आत शिरतो, हेही तुम्हांला पटायचं नाही. सुरुवातीला ओरखडा उठतो, तुम्ही हसता. नंतर तसलाच गोळा थेट इंजिनात जातो आणि तुम्ही म्हणता, "ह्यांनी तोफ बदलली वाटतं." कुणी काही बदललेलं नसतं, दाजी! गोळा तोच असतो. तुमचा पत्रा पातळ झालेला असतो.

यावर उपाय किती साधा! जहाज वळवायचं. गेलेली बाजू आत घ्यायची, चांगली बाजू पुढे करायची, आणि सोबत्याला सांगायचं, "माझी डावी गेलीये, तिकडे ये." की सोबती त्या बाजूला येऊन उभा राहतो. दोन जहाजं कशासाठी असतात मग? शोभेला?

पण तुम्ही! तुम्ही कायम चांगली बाजू माझ्याकडे ठेवून उडायचात. मी उजवीकडून बघतेय, सगळं कसं चकचकीत. त्या कडंवाल्या ग्रहाजवळच्या लढाईत मी विचारतेय, "दाजी, ठीक आहात ना?" आणि तुमचं, "चालू दे, चालू दे." मग एकदम उजेड झाला आणि तुमच्या जहाजाच्या ठिकऱ्या. मी नंतर ती लढाई पुन्हा लावून पाहिली, तेव्हा कळलं. तुमची डावी बाजू केव्हाचीच साफ झाली होती. तसेच उडत राहिला होतात.

मी फोन करून झापलं. "सांगितलं का नाही?" तर तुम्ही काय म्हणालात? "आता मेहुणीला काय सांगायचं, मला मागं घे म्हणून? जावई हाय मी तुमच्या घरचा."

तेव्हा मी हसले होते. जावई! अंतराळातसुद्धा जावई!

आता हसू येत नाही. आपल्याकडे जावयाचं काय करून ठेवतात, ते बघितलं की माझं डोकं फिरतं. त्याला पहिला पाट, पहिलं पान. त्यानं पाण्याचा तांब्या उचलायचा नाही, त्याच्या मुलाला कुणी रागवायचं नाही, आणि त्यानं वाढलेलं नाकारायचं नाही. सगळ्यांनी मिळून देव करून बसवायचं. मग देवाच्या छातीत कळ आली तर त्यानं सांगायचं कुणाला? आणि तुम्हीही असे भले, की बसलात देव होऊन!

धोंड्याच्या महिन्यातलं ते जेवण. तीन वर्षांनी येतो तो अधिकमास, जावयाला धोंडे खाऊ घातले नाहीत तर आईला जन्माची टोचणी लागली असती. पहाटेपासून पुरण शिजत होतं. तुम्ही आलात तेच घामेघूम. टॉवेलनं मान पुसताय, डावा खांदा चोळताय. मी पाणी घेऊन आले तेव्हा सरळ विचारलं, "काय होतंय दाजी?" तर म्हणे, "पित्त हाय. सकाळचा चहा बाधला."

पित्त! पत्रा गेला होता दाजी, पित्त नव्हतं ते!

तरी पाटावर बसलात. तरी तुपात बुडवलेले धोंडे खाल्लेत. घास गिळवत नव्हता, हे आता आठवलं की दिसतं. आई वाढायला आली, तुम्ही हात आडवा धरलात. एकदाच धरलात, तोही जरासा. आई म्हणाली, "जावईबापू, माझ्या हातचा एक घ्याच. असं पानावरनं उठू नका." आणि तुम्ही हात काढून घेतलात! अहो, नाही म्हणायला काय जात होतं? पानावरून उठला असतात तर आई चार दिवस रुसली असती. रुसली असती, मरत तर कुणी नव्हतं ना!

परत जाताना राहुरीच्या अलीकडे तुम्ही गाडी रस्त्याच्या कडेला घेतलीत. ताईला म्हणालात, "मंगल, जरा पाठ टेकतो." बास, एवढंच. ईश्वरी मागच्या सीटवर झोपलेली होती. ताईनं हाका मारून मारून रस्त्यावरची माणसं गोळा केली. तिथंसुद्धा तुम्ही तिला "दुखतंय" म्हणाला नाहीत.

आईनं त्या दिवसापासून घरात पुरण शिजवलेलं नाही. डॉक्टरांनी तिला समजावलं, की हे आधीपासूनचं दुखणं असणार, एका घासानं काही होत नाही. ती मान हलवते आणि पुन्हा स्वतःच्या हाताकडे बघत बसते. हे तुम्ही देऊन गेलात तिला! मान राखलात ना सासूचा? आता या, बघा तो मान.

आणि तुमच्या दहाव्याला काय झालं, तेही ऐका. मुळा नदीच्या काठावर मांडव, माइक, खुर्च्या, सगळा थाट. प्रवचन झाल्यावर श्रद्धांजलीची भाषणं. कुणीतरी एक पुढारी पांढऱ्या गाडीतून आले. तुमचं नाव शेजाऱ्याला विचारून घेतलं आणि माइक हातात धरून म्हणाले, "अत्यंत हसतमुख, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व. कधी कुणाला स्वतःचं दुखणं सांगितलं नाही." आणि लोकांनी माना डोलावल्या! ज्या गोष्टीनं माणूस गेला तिचंच कौतुक, तेही लाउडस्पीकरवरून! मी उठून माइक ओढणार होते. ताईनं पदराला धरून खाली बसवलं.

त्यानंतर तुमचे तात्या. चुलते म्हणून मान आहे, नाहीतर तिथंच सुनावलं असतं. "त्या कम्पुटरच्या नादानं गेलं पोरगं," म्हणाले. "बसून बसून काळजाला पानी सुटलं." अहो तात्या, सहा दिवस हातोडा मारणारा माणूस रविवारी दोन तास बसला तर कॉम्प्युटरनं मारला? गेममध्ये निदान कोणती बाजू गेलीये ते लाल रंगात दिसतं. तुम्हां मांडवातल्यांपैकी कुणाला काय दिसलं होतं?

आणि कावळा! पिंड ठेवला, आम्ही मागे सरकलो, आणि तो हजर. थांबलासुद्धा नाही. सगळे हात जोडून म्हणाले, "पुण्यवान माणूस, कशात जीव अडकला न्हाई." मी तिथं उभी आणि माझ्या अंगाचा तिळपापड! कशात म्हणजे कशातच नाही? ताईत नाही? ईश्वरीत नाही? आपल्या अर्धवट राहिलेल्या मोहिमेत तर सोडाच! कुणीतरी "पोरीला शिकवू" म्हणेपर्यंत तरी थांबायचं. मला वाटलं, दगड मारून त्या कावळ्याला हाकलावं आणि म्हणावं, दाजी, एकदा तरी काहीतरी मागा. जाता जाता तरी मागा.

मला तुमची फार आठवण येते, दाजी. रविवारी दुपारी मी दुकान उगाच उघडं ठेवते. घरी गेलं की कॉम्प्युटरसमोर बसावं लागतं आणि कानात कुणी बोलत नाही.

आता जे सांगायचंय, त्यासाठी एवढा वेळ भांडत होते.

तुमच्यामागं ताईनं गॅरेज चालू ठेवलं. सगळे म्हणतात, "मंगल केवढी खंबीर! डोळ्यांत पाणी न्हाई बाईच्या." गिऱ्हाइकांशी बोलते, रंगाचे डबे आणते, ईश्वरीच्या बारावीचं बघते. मी रोज फोन करायचे. "कशी आहेस?" "बरी हाय गं. तुझं सांग." रोज हेच. आवाज एकदम खणखणीत.

गेल्या आठवड्यात सलीमचाचांचा फोन आला. तुमच्यासोबत पहिल्यापासून असलेला माणूस, कधी उगाच फोन करणारा नाही. म्हणाले, "ताईंना दोनदा चक्कर आली. एकदा तर जीपच्या बोनेटला धरून खालीच बसल्या. मला शपथ घातलीय कुनाला सांगू नको म्हणून. पर मी सांगतो. शपथ माझ्या डोक्यावर राहू दे."

मी दुकानाला कुलूप लावलं आणि मिळेल त्या एसटीनं नगर, तिथून राहुरी. गॅरेजात शिरले तर ताई एका ट्रॅक्टरवाल्याशी हसून बोलत होती. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं. मला बघून म्हणाली, "अगं, न सांगता? चाचा, पावणी आलीय, चहा सांगा."

मी म्हटलं, "चहा नको. डॉक्टरकडं चल."

"कशाला? मी बरी हाय."

"चक्कर येते तुला."

तिनं सलीमचाचांकडे बघितलं. ते ट्रॅक्टरकडे बघू लागले. "झोप न्हाई झाली की येती कधी कधी," ताई म्हणाली. "ईश्वरीची परीक्षा होऊ दे, मग बघू. आता कामं हायेत." आणि पुन्हा त्या ट्रॅक्टरवाल्याकडे वळून हसली!

हुबेहूब तुम्ही! तसंच हसणं, तसंच "मग बघू." इतक्या वर्षांच्या संसारात तिनं तुमच्याकडून नेमकं हेच उचलावं? माझा ताबा सुटला. सगळ्या कामगारांसमोर, त्या ट्रॅक्टरवाल्यासमोर मी ओरडले, "दाजीपण बरेच होते, ताई!"

कुणीतरी ग्राइंडर बंद केला. मला वाटलं, आता ही माझ्या थोबाडीत देणार. लहानपणी दिलीये तिनं. ती हातातला कपडा नुसता पिळत राहिली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मी उद्या येतो, वहिनी," आणि गेला. मग ताई म्हणाली, "चाचा, शटर वढून घ्या."

दवाखान्यात नंबर लागला. नर्सनं दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, पुन्हा गुंडाळला आणि आत जाऊन डॉक्टरांना सांगून आली. बाहेर येऊन तिनं ताईला विचारलं, "काय होतंय, मावशी? काय दुखतंय?"

आता ही म्हणणार, काही नाही. आता म्हणणार, झोप झाली नाही. मी तोंड उघडायच्याच बेतात होते.

"सगळं दुखतंय," ताई म्हणाली.

आणि दाजी, मग ती बोलायलाच लागली. डोकं कसं ठणकतं, जिना चढताना धाप कशी लागते, रात्री कुशीवर वळलं की हात कसा रिकाम्या गादीवर पडतो, पोरीसमोर रडता येत नाही म्हणून बाथरूममध्ये नळ कसा सोडून ठेवते. मागच्या नंबरची बाई उठून ताईजवळ येऊन बसली आणि तिनं तिचा हात धरला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. बीपी फार वाढलंय, अंगात रक्त कमी आहे, गोळ्या सुरू करू, तपासण्या करू, सुधारेल. मी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, सुधारेल ना?

आता ती ईश्वरीला घेऊन पारनेरला आईकडे आहे, गोळ्या घेते, चिडचिड करते. परवा मला म्हणाली, "तू चारचौघांत माझी लाज काढलीस." मी म्हटलं, पुन्हा काढीन.

दाजी, तुम्ही तुमच्या तोंडून कधी काही मागितलं नाहीत, म्हणून मी आपणहून वचन देते. ताईला मी यापुढे कधीही "बरी आहेस ना?" असं विचारणार नाही. "कुठं दुखतंय?" एवढंच विचारीन, आणि उत्तर मिळेपर्यंत तिच्या समोरून हलणार नाही.

तुमच्यावर अजून रागावलेली मेहुणी,
अश्विनी